वाडिया रुग्णालयाचा इतिहास वाचताना

परळच्या बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालयाची ओळख बहुतेक वेळा १९२९ साल, वाडिया घराण्याचं दान आणि विभागांची यादी एवढ्यावरच संपते. माहिती खरी, पण अपुरी. यादी म्हणजे सेवा मिळाल्याचा पुरावा नव्हे.

जानेवारी २०२० आठवा. अनुदान थकलं, नवीन मुलं दाखल करणं थांबलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. इमारत दानातून उभी राहिली, तरी रोजच्या खर्चाला महापालिका आणि शासनाचा पैसा लागतो. गौरवलेखांत नेमका हाच धागा सुटतो.

आपल्या पाचोऱ्याहून आजारी लेकरू घेऊन दादरला उतरणारी आई या इतिहासात कुठे आहे? तुमचा संशोधनप्रश्न तिच्यापासून सुरू करा. मग अनुदानाचे ठराव आणि वार्षिक अहवाल शेजारी ठेवून वाचा.