खुनी आधीच कळला, मग रहस्य कुठंय?

'रँडी राइड्स अलोन' (1934) एकदा बघाच. तासाभराच्या आत संपतो. लोन स्टारचा स्वस्तातला वेस्टर्न, दिग्दर्शक हॅरी फ्रेझर, नायक तरुण जॉन वेन. रँडी गुत्त्यात शिरतो तेव्हा आपोआप वाजणारा पियानो चालू असतो आणि आत सगळे मरून पडलेले! भिंतीवरच्या चित्राच्या डोळ्यांतून कुणीतरी बघत असतं.

आता 'खुनी कोण' हे शेवटपर्यंत ताणणार, असं तुम्हाला वाटतं. पण छे! गावातला मुका, कुबडा मॅट (जॉर्ज हेझ) हाच टोळीचा म्होरक्या आहे, हे आपल्याला लवकरच दाखवून टाकतात. रँडीला मात्र ते ठाऊक नसतं.

इथे 'बजेट कमी, म्हणून पटकथा ढिसाळ' असं लिहायचा मोह होतो. थांबा. गुपित लपवायला पैसे लागतात का? नाही ना! मग बजेट हे कारण इथे लागू पडत नाही. प्रश्नच बदललाय: 'कोण' ऐवजी 'रँडीला कधी कळणार?' माझ्या मते यात फायदा हेझचा होतो, कारण त्याचं सोंग आपण जाणून बघतो. तोटाही आहेच. सुरुवातीची ती भीती पुढच्या घोडदौडीत विरून जाते.

तुमच्या प्रस्तावात जिथे जिथे 'म्हणून' आलंय, तिथे हेच विचारा: हे कारण काढून टाकलं, तर परिणाम खरंच बदलेल का? उत्तर देता येत नसेल, तर ते वाक्य अजून निष्कर्ष झालेलं नाही.