वेरूळच्या नृत्यशिल्पांतील वादकवृंद

वेरूळच्या क्रमांक १४ (रावण की खाई), १५ (दशावतार) व २१ (रामेश्वर) ह्या लेण्यांतील नृत्यमग्न शिवाच्या शिल्पपटांना सर्रास ‘नटराज’ म्हटले जाते. ही संज्ञा सोयीची असली, तरी तिच्यामुळे ह्या पटांचे आकलन एकांगी होते. ‘नटराज’ म्हणताच डोळ्यांपुढे येते ती चोळकालीन कांस्यमूर्ती : ज्वालांच्या प्रभावळीत, अपस्मारावर पाय रोवून एकटाच नाचणारा शिव. सहाव्या ते आठव्या शतकांतील वेरूळचे पट त्या मूर्तींहून जुने असून त्यांची रचनाही निराळी आहे. येथे शिव एकटा नाही. भोवती पार्वती आहे, गण आहेत, मृदंगादी वाद्ये वाजविणारे आहेत. संज्ञा मात्र एका नर्तकाचेच नाव सांगते आणि वादकांना ‘परिवार’ ह्या शब्दात गुंडाळते.

चीनमधील हान राजवटीच्या (इ. स. पू. २०६ ते इ. स. २२०) थडग्यांतील नर्तक-वादकांच्या मातीच्या मूर्तींशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मृताच्या सोबतीसाठी पुरलेल्या ह्या मूर्ती सुट्या असतात. उत्खननानंतर नर्तकी एका संग्रहालयात व वादक दुसऱ्या संग्रहालयात जाऊ शकतो. वेरूळचा खडक अशी ताटातूट होऊ देत नाही. ती घडविते केवळ आपली परिभाषा.

वादक आकाराने लहान, म्हणून गौण, असा आक्षेप संभवतो. त्यास औरंगाबादच्या सातव्या लेण्यातील बौद्ध शिल्पपट हे उत्तर आहे. तेथे मध्यभागी नर्तकी व तिच्या दोन्ही बाजूंस मिळून सहा वादिका आहेत. त्या नर्तकीच्या ओळखीविषयी एकमत नाही. म्हणूनच वर्णन करणारा संपूर्ण मेळ पाहतो, वाद्ये मोजतो. नाव निश्चित नसल्याने दृष्टी मोकळी राहिली. वेरूळला नाव आधी आले आणि पाहणे मागे पडले.

वेरूळहून जवळच असलेल्या देवगिरीच्या यादव दरबारात, तेराव्या शतकात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. गीत, वाद्य आणि नृत्य ह्या तिहींना मिळून ‘संगीत’ म्हणावे, अशी व्याख्या त्यात आहे. ग्रंथ लेण्यांच्या पुष्कळ नंतरचा असल्याने त्यास शिल्पांचा पुरावा मानता येणार नाही; परंतु नृत्याचा विचार वाद्यावाचून करू नये, ही शिस्त त्यापासून अवश्य घेता येईल. ह्या पटांस ‘शिवनृत्यपट’ म्हणावे आणि शिवाच्या हस्तपादांइतक्याच काळजीने वादकाचे हात, त्याचे वाद्य व त्याची नजर नोंदवावी. त्याशिवाय ह्या नृत्याचे वर्णन पुरे झाले असे म्हणता येणार नाही.