जीवनकौशल्य-प्रशिक्षकाचा व्यवसाय : एक चिकित्सा

कोणत्याही सेवाव्यवसायाचे स्वरूप जाणून घ्यावयाचे असल्यास तो ज्याची सेवा करतो त्याला कोणत्या नावाने ओळखतो, हे पाहणे उपयुक्त ठरते. वैद्यापुढे रुग्ण असतो, शिक्षकापुढे विद्यार्थी, वकिलापुढे अशील. या प्रत्येक नावात उभयतांचे अधिकार आणि मर्यादा गृहीत असतात. रुग्णाने पथ्य पाळावयाचे, तर वैद्याने निदानाची जबाबदारी पत्करावयाची. अशिलाने आपला हेतू सांगावयाचा, तर वकिलाने त्यासाठी कायदेशीर मार्ग शोधावयाचा. जीवनकौशल्य-प्रशिक्षक, म्हणजे ज्याला व्यवहारात ‘लाइफ स्किल्स कोच’ म्हणतात, त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला मात्र असे सर्वमान्य नाव लाभलेले नाही. तो रोगी नव्हे, परीक्षेस बसणारा विद्यार्थीही नव्हे. मग त्याच्या ठिकाणी उणीव कोणती, ती कोणी ठरविली, आणि ती भरून निघाली हे कोणी सांगावयाचे? या व्यवसायाची चिकित्सा या तीन प्रश्नांपासूनच सुरू करणे इष्ट होय.

‘कोच’ या शब्दाचा इतिहास येथे उद्‌बोधक आहे. हंगेरीतील कोच नावाच्या गावी तयार होणाऱ्या घोडागाडीवरून तो युरोपीय भाषांत पसरला. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील विद्यापीठांत विद्यार्थ्याला परीक्षेच्या पैलतीरी ‘वाहून नेणाऱ्या’ खाजगी शिक्षकास विनोदाने हे नाव मिळाले आणि पुढे ते क्रीडांगणावर गेले. मराठीतही घोडागाडीचा कोचमन, आगगाडीचा कोच, कोचिंग क्लास आणि खेळाडूंचा कोच अशा निरनिराळ्या वाटांनी हा शब्द आलेला आहे. या सर्व अर्थांत एक गोष्ट समान आहे : मुक्कामाचे ठिकाण अगोदरच ठरलेले असते. परीक्षेत उत्तीर्ण होणे किंवा सामना जिंकणे, हे ध्येय वादातीत असते. जीवनाच्या बाबतीत तसे नाही. तेथे मुक्काम कोणता, हाच मुख्य वाद असतो. म्हणून खेळातील उपमा जीवनाला लावताना ध्येयनिश्चितीचा अधिकार कोणाकडे जातो, हे पाहणे अवश्य ठरते.

या व्यवसायाचा उगम अलीकडील श्रीमंत गिऱ्हाइकांच्या खाजगी सल्लामसलतीत आहे, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. जीवनकौशल्यांच्या पद्धतशीर शिक्षणाची कल्पना १९६० नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेतील दारिद्र्यनिवारणाच्या कार्यातून पुढे आली. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील मानसशास्त्रज्ञ विन्थ्रॉप अ‍ॅडकिन्स यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील बेरोजगार तरुणांसाठी केलेल्या कामातून तिला आकार आला. त्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतातील प्रिन्स अल्बर्ट या गावी, केंद्र शासनाच्या साहाय्याने चालणाऱ्या सस्कॅचवन न्यूस्टार्ट या संस्थेने ती पुढे नेली. डी. स्ट्युअर्ट काँगर हे या संस्थेचे संचालक होते. शाळा किंवा न्यायालय हेही कधीकाळी माणसाने लावलेले शोधच होत, आणि यंत्राप्रमाणेच असे सामाजिक शोधही प्रयोगांनी सिद्ध करून घेता येतात, अशी त्यांची भूमिका होती. जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम आणि तो चालविणारा ‘कोच’ हा त्यांच्या दृष्टीने असाच एक शोध होता.

अ‍ॅडकिन्स यांच्या पद्धतीत पाठाचे चार टप्पे होते. प्रथम एखादा प्रसंग अथवा प्रश्न गटापुढे ठेवावयाचा. नंतर त्यासंबंधी गटाला जे आधीच ठाऊक आहे ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावयाचे. मग बाहेरील माहितीचा शोध. आणि शेवटी प्रत्यक्ष आचरण. प्रिन्स अल्बर्टच्या अभ्यासक्रमाने हाच क्रम पायाभूत धरून त्यात सरावाला आणि मूल्यमापनाला स्पष्ट स्थान दिले, आणि विषयांची वाटणी स्वतः, कुटुंब, फुरसत, समाज व नोकरी अशा पाच क्षेत्रांत केली. शिकविणारा हा पदवीधर मानसशास्त्रज्ञ असलाच पाहिजे असा आग्रह तेथे नव्हता. ज्यांच्याशी बोलावयाचे त्यांच्या जीवनाशी परिचित असलेल्या व्यक्तीला काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन हे काम सोपवावे, असे धोरण होते.

या मूळ कल्पनेचे गुण मोठे आहेत. पहिला गुण असा की, शिकणाऱ्याच्या अनुभवाला तीत माहितीच्या आधी मान मिळतो. प्रौढ माणूस कोऱ्या पाटीसारखा नसतो, ही गोष्ट प्रौढशिक्षणाच्या क्षेत्रात पुष्कळदा बोलली जाते, परंतु पाठाच्या रचनेत ती क्वचितच उतरते. येथे ती दुसऱ्या टप्प्याच्या रूपाने उतरलेली आहे. दुसरा गुण गटाचा. राग आवरणे, नकार देणे, अधिकाऱ्याला प्रश्न विचारणे या गोष्टी व्याख्यानाने येत नाहीत. त्या चारचौघांसमोर करून पाहाव्या लागतात, चुकाव्या लागतात आणि पुन्हा कराव्या लागतात. तिसरा गुण मर्यादेचा. अभ्यासक्रमाला आरंभ होता तसा शेवटही होता. प्रशिक्षक निदान करीत नव्हता, उपचार करीत नव्हता, आणि आपल्या माणसाला कायमचा आपल्याशी बांधूनही घेत नव्हता.

तथापि याच प्रयोगात या व्यवसायाचा मूळ दोषही दिसतो. जीवनकौशल्ये म्हणजे स्वतःचे व्यवहार जबाबदारीने चालविण्यासाठी लागणारे, समस्या सोडविण्याचे वर्तन, अशा आशयाची व्याख्या प्रिन्स अल्बर्टच्या लेखकांनी स्वीकारली होती. व्याख्येतील प्रत्येक शब्द समजूतदार आहे. प्रश्न आहे तो ‘स्वतःचे व्यवहार’ या मर्यादेचा. उत्तर सस्कॅचवनमधील या अभ्यासक्रमाकडे येणाऱ्यांत क्री आणि मेती या मूलनिवासी समाजांतील माणसे पुष्कळ होती. त्या समाजांतील मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवण्याची पद्धत कॅनडात १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून रूढ होती, आणि खुद्द प्रिन्स अल्बर्ट येथे अशी शाळा होती. कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ साली या पद्धतीची गणना सांस्कृतिक वंशसंहारात केली. अशा शाळांतून गेलेल्या मुलांची संख्या आयोगाच्या अंदाजाप्रमाणे १,५०,००० हून कमी नव्हती. शासनाकडे ‘इंडियन’ म्हणून नोंद असलेल्या मूलनिवाशांना आपला हा दर्जा न सोडता केंद्रीय निवडणुकीत मत देण्याचा सरसकट हक्क १९६० सालीच मिळाला.

या पार्श्वभूमीवर ‘कुटुंब’ हे कौशल्यक्षेत्र ठेवून पाहिले असता विसंगती लक्षात येते. ज्या शासनाच्या धोरणाने आईबापांपासून मुले तोडली, त्याच शासनाच्या पैशाने, त्या मुलांना प्रौढ झाल्यावर कौटुंबिक संबंध हाताळण्याचे कौशल्य शिकविले जात होते. शिकविणाऱ्यांच्या हेतूविषयी येथे शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जी हानी इतरांनी केली तिची नोंद, झळ सोसणाऱ्याच्या खात्यावर ‘कौशल्याचा अभाव’ म्हणून होते, तेव्हा ते निदान अर्धे असते. आणि अर्धे निदान हे पुष्कळदा निदानाच्या अभावाहून अधिक घातक ठरते, कारण ते पुढील शोध थांबविते. बेरोजगाराला मुलाखत देता येत नाही, हे खरे असू शकते. गावात नोकऱ्याच नाहीत, हेही त्याच वेळी खरे असू शकते. पहिल्या सत्यावर अभ्यासक्रम निघतो. दुसऱ्यावर निघत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो विचारार्ह आहे. अन्यायाचे निवारण होईतोपर्यंत माणसाने थांबावे काय? ज्याला उद्या सकाळी घरमालकाशी बोलावयाचे आहे, किंवा मुलाच्या शाळेत जाऊन तक्रार मांडावयाची आहे, त्याला आज बोलण्याचा सराव देणे ही प्रत्यक्ष मदतच होय. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. किंबहुना अन्यायाविरुद्ध उभे राहण्यासाठीही सभेत बोलणे, अर्ज लिहिणे, मतभेद सहन करणे ही कौशल्येच लागतात. म्हणून कौशल्यशिक्षणाचा त्याग हा निष्कर्ष निघत नाही. निष्कर्ष एवढाच निघतो की, आपली अडचण किती अंशी आपल्या सवयीची आहे आणि किती अंशी बाहेरील व्यवस्थेची आहे, हे वेगळे करता येणे हेच पहिले जीवनकौशल्य मानले पाहिजे. पाच क्षेत्रांत ‘समाज’ हे क्षेत्र घालून प्रिन्स अल्बर्टच्या अभ्यासक्रमाने या दिशेला दार उघडले होते. परंतु त्याच्या व्याख्येने ते पुन्हा अर्धवट लोटून घेतले.

पुढील काळात ही कल्पना दोन दिशांनी गेली. एक दिशा शाळेची. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३-९४ च्या सुमारास शालेय शिक्षणासाठी १० मूलभूत जीवनकौशल्ये सांगितली. निर्णय घेणे, समस्या सोडविणे, सर्जनशील आणि चिकित्सक विचार, संवाद, परस्परसंबंध, आत्मभान, समानुभूती, आणि भावना व ताण यांना तोंड देणे. भारतात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ साली इयत्ता ९ वी व १० वीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू केले, तेव्हा जीवनकौशल्यांनाही श्रेणी देण्यात येऊ लागली. ती पद्धत २०१७ साली संपली. समानुभूतीला श्रेणी मिळू लागली की विद्यार्थी समानुभूती दाखविण्यास शिकतो. ती बाळगण्यास शिकतोच असे नाही. प्रौढांच्या गटात जे कौशल्य चुकत-माकत स्वेच्छेने येत होते, त्याचे शाळेत गुणपत्रिकेवरील वर्तन झाले.

दुसरी दिशा बाजाराची. १९९५ साली अमेरिकेत थॉमस लिओनार्ड यांच्या पुढाकाराने कोचांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. प्रमाणपत्राच्या पहिल्या पायरीसाठी ६० तासांचे शिक्षण व १०० तासांचा अनुभव, आणि सर्वोच्च पायरीसाठी २०० तासांचे शिक्षण व २,५०० तासांचा अनुभव, असे त्याचे मान आहे. नीतिनियम आणि तक्रारीची सोय या संघाने केली, हे श्रेय त्याला दिले पाहिजे. परंतु हे सर्व स्वेच्छेचे आहे. भारतात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याखाली नोंदणी लागते. स्वतःला ‘लाइफ कोच’ म्हणविणाऱ्यास तशी कोणतीही नोंदणी लागत नाही. शिवाय तासांचे मान हे प्रशिक्षकाच्या परिश्रमाचे मान आहे. समोरच्या माणसाचे काय झाले, हे त्यातून कळत नाही.

या दोन्ही दिशांत मूळ कल्पनेचे गुण कमी झाले आणि दोष मात्र टिकला. गट गेला, त्याची जागा एकाशी एक बैठकीने घेतली. शासनाच्या खर्चाने गरिबाकडे जाणारी सेवा शुल्क देऊ शकणाऱ्याकडे वळली. सर्वांत महत्त्वाची हानी मर्यादेची झाली. ज्याचे उत्पन्न पुढच्या बैठकीवर अवलंबून आहे, त्याला बैठकी संपवाव्यात असे वाटण्यास विशेष सचोटी लागते. वकिलाचा खटला निकाली निघतो, वैद्याचा रुग्ण बरा होतो. जीवन मात्र निकाली निघत नाही, आणि म्हणून या व्यवसायाला स्वाभाविक शेवट नाही. तो बाहेरून घालून द्यावा लागतो. विषण्णतेसारखा आजार ‘प्रेरणेचा अभाव’ समजून महिनोन्‌महिने चर्चेत ठेवला जाण्याचा धोका याच ठिकाणी उद्भवतो.

यावरून जीवनकौशल्य-प्रशिक्षणाची सेवा पारखण्याच्या तीन कसोट्या हाती येतात. ध्येय शिकणाऱ्याने ठरविले आहे काय, आणि ते मध्येच बदलण्याची मुभा त्याला आहे काय? अडचणीतील जो अंश व्यवस्थेचा आहे तो व्यवस्थेचा म्हणून ओळखला जातो काय, आणि आजाराचा जो अंश आहे तो वैद्याकडे पाठविला जातो काय? आणि सेवेचा शेवट आरंभीच ठरलेला आहे काय? या कसोट्यांना उतरणारा प्रशिक्षक, तो गावातील महिला बचत गटाची कार्यकर्ती असो वा प्रमाणपत्रधारी व्यावसायिक असो, एका खऱ्या गरजेची पूर्ती करतो. या कसोट्या टाळणारा व्यवसाय मात्र माणसाच्या अडचणीला त्याच्याच स्वभावाचे नाव देऊन तिच्यावर दीर्घकाळ उपजीविका करू शकतो, आणि त्यात कोणाचीही फसवणूक होत आहे असे त्या दोघांपैकी एकालाही वाटणार नाही.