वाचनपाठातील घर : 'द ब्लूएस्ट आय'संबंधी काही विचार

वर्णद्वेषाच्या सातत्याचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम कायद्याकडे वळते. टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) या पहिल्या कादंबरीला मात्र हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. तिचे कथानक १९४०-४१ च्या सुमारास ओहायो राज्यातील लोरेन गावी घडते. आणि तेथे कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवण्याची कायदेशीर तरतूद १८८७ सालीच रद्द झाली होती. पिकोला ही कृष्णवर्णीय मुलगी गोऱ्या मुलांच्याच शाळेत जाते, आणि तरीही निळ्या डोळ्यांसाठी देवाची करुणा भाकते. हा ध्यास तिच्या ठिकाणी आला कोठून, हा खरा प्रश्न होय.

कादंबरीच्या आरंभीच शालेय वाचनपाठाच्या धर्तीचा एक उतारा येतो. डिक आणि जेन या भावंडांची ही पाठ्यपुस्तके १९३० पासून काही दशके अमेरिकेत सर्वत्र वापरात होती. त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबास प्रवेश मिळाला तो १९६५ साली. मॉरिसन हा उतारा तीनदा देतात : प्रथम यथास्थित, नंतर विरामचिन्हांवाचून, आणि शेवटी दोन शब्दांमधील जागाही काढून टाकून. याच तिसऱ्या रूपाचे तुकडे पुढे प्रकरणांच्या माथी येतात. सुंदर घराच्या ओळींखाली ब्रीडलव्ह कुटुंबाचे ओसाड दुकान, प्रेमळ आईच्या ओळींखाली पॉलीन. या योजनेस केवळ उपरोध म्हणणे अपुरे आहे. अक्षरओळखीच्या वयात शिकलेली वाक्ये अर्थाचा विचार न होताच मनात रुजतात, आणि विराम लोपला की त्या वाक्यांना हरकत घ्यावयास जागाच उरत नाही.

भाषेच्या अभ्यासकास याहून मोलाचा वाटावा असा प्रसंग पॉलीनच्या मालकांच्या स्वयंपाकघरात घडतो. पोटची मुलगी पिकोला आईला 'मिसेस ब्रीडलव्ह' म्हणते. मालकांची चिमुरडी तिलाच बिनदिक्कत 'पॉली' अशी हाक मारते. मराठी वाचकाला अहो-जाहो आणि अरे-तुरे यांतील अंतर नव्याने सांगावयास नको. परंतु येथे अंतर उलटे पडले आहे. जवळीक परक्या मुलीच्या वाट्याला आणि दुरावा पोटच्या मुलीच्या! पॉलीनला माहेरी कधी लाडके नाव मिळाले नव्हते. ते या गोऱ्या घराने दिले, आणि ती त्या नावाची कृतज्ञ ऋणाईत झाली. पिकोलाच्या हातून फळांचे गरम पक्वान्न सांडते, तेव्हा आई तिला मारून बाहेर घालविते आणि मालकांच्या मुलीची समजूत घालते. ही कोण होती, असे ती मुलगी विचारते. पॉलीन उत्तर देत नाही. वारसा कसा चालतो, हे या मौनाइतके दुसरे काहीच स्पष्ट करीत नाही. जेराल्डीनच्या प्रकरणात तोच वारसा शब्दभेदाच्या रूपाने येतो. एकाच वर्णाच्या लोकांसाठी सभ्य आणि तुच्छतादर्शक अशी दोन नावे आहेत, आणि त्यांतील सीमारेषा स्वच्छता व शांतपणा यांनी राखावयाची असते, असे ती आपल्या मुलाला शिकविते. ही सीमारेषा रोज झाडून-पुसून ठेवावी लागते, हे लेखिकेचे निरीक्षण मार्मिक आहे.

कादंबरीत दोष नाहीत असे नाही. सोपहेड चर्चचे देवाला लिहिलेले पत्र अतिबोलके झाले आहे. जे आधी प्रसंगांतून कळले, ते तेथे प्रतिपादनाच्या स्वरूपात येते. रचनेविषयी स्वतः मॉरिसन यांनीही १९९३ मधील उपसंहारात असमाधान व्यक्त केले होते. वाचकाने पिकोलाची कणव करून मोकळे होऊ नये, तिच्या विनाशातील आपला वाटा तपासावा, अशी त्यांची अपेक्षा होती, आणि ती पुष्कळांच्या बाबतीत फळली नाही असे त्यांना वाटत होते. हा आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. क्लॉडिया ही निवेदिका गोरी बाहुली मोडून तिच्यात असे काय आहे ते शोधते, आणि पुढे वयात येताना तीच शर्ली टेंपलची भक्ती शिकते. सर्वांत बंडखोर मुलीलाही हा धडा गिरवावाच लागतो, आणि तो तिला कोणीही मारून शिकविलेला नसतो.