कपाचा कान

तेजीच्या चार्टवरची माझी सर्वांत लाडकी आकृती म्हणजे कप अँड हँडल. अमेरिकेतल्या विल्यम ओ'नील यांनी १९८८ साली 'हाउ टू मेक मनी इन स्टॉक्स' या पुस्तकातून ती सर्वदूर पोचवली. बघणाऱ्याची नजर कपाच्या गोलाईवर रेंगाळते. मला मात्र तिचं मर्म कानात दिसतं.

समजा, १३० वरून २०० पर्यंत चढलेला शेअर १५० ला उतरला, तिथे काही आठवडे घुटमळला आणि सावकाश १९२ वर परतला. ही घसरण २५ टक्के. ओ'नील साधारण १२ ते ३३ टक्के चालवून घेतात, आणि ७ ते ६५ आठवड्यांचा अवधी. तळ गोल हवा. टोकदार तळातून भाव इतक्या घाईने उसळतो की कच्च्या हातांतला माल पक्क्या हातांत जायला वेळच मिळत नाही. कपाविषयी एवढं पुरे.

आता कान. १९२ ला भाव थबकतो. २०० च्या आसपास घेऊन महिनोन्महिने अडकलेला माणूस 'मुद्दल जवळजवळ सुटलं, निघू या' म्हणत इथेच विकतो. भाव १७८ पर्यंत ओघळतो. पण या उतरणीत व्हॉल्यूमचे दांडे खुजे होत जातात, कँडल आखडतात, क्लोजिंग एकमेकांना चिकटून येतात. अख्ख्या चार्टवर याहून देखणी जागा नाही! विकणारे संपत आलेत, हे तिथे नुसत्या शांततेतून कळतं.

हाच कान वर चढत गेला, तर नवख्याला तो अधिक गोड दिसतो. ओ'नील त्याला सदोष मानतात, आणि मला ते पटतं: धास्तावलेले लोक बाहेर पडलेलेच नसतात, ते ब्रेकआउटनंतर विकायला उभे राहतात. कान कपाच्या वरच्या अर्ध्या भागात हवा, हीही त्यांची अट. आपल्या उदाहरणात ती सीमा १७५ ची.

ब्रेकआउटच्या दिवशी व्हॉल्यूम सरासरीहून निदान ४०-५० टक्के जास्त हवा. तो आला, भाव १९५ ला गेला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा १९० वर. सेटअप मोडला? मी आधी खालचे दांडे पाहते. परतीचा व्हॉल्यूम चढणीच्या निम्मा असेल, तर आकृती जिवंत आहे. कानाची शांतता अजून टिकून आहे. उलट, चढताना व्हॉल्यूम रोडका आणि उतरताना भरघोस असेल, तर १८१ लाच माझा विश्वास उडतो, मग १७८ ची पातळी शाबूत का असेना.

स्टॉपलॉस ओ'नील खरेदीच्या ७-८ टक्के खाली ठेवायला सांगतात. १९२ च्या खरेदीला तो १७६.६४ येतो, म्हणजे कानाच्या तळाच्या किंचित खाली. आकड्यांचा नियम आणि आकृतीची रेषा इथे अशा जुळतात, याचा मला दर वेळी आनंद होतो.

अवघड क्षण त्यानंतरचा. १७६ ला क्लोजिंग येतं, तरी डोळ्यांना कप दिसतच राहतो, कारण गोल तळ कुठेच गेलेला नसतो. तेव्हा मी हाताने काढलेली ती वक्र रेषा चार्टवरून पुसते. मग त्याच जागी दोन उतरती शिखरं दिसतात: आधी २००, नंतर १९५.