'औदुंबर' आणि एक चंद्रोदय

वर्गात मी कित्येक वर्षं ठामपणे सांगत आलो की छायाचित्र म्हणजे निसर्गाचा ठसा आणि कविता म्हणजे निसर्गाला दिलेला प्रतिसाद. उदाहरण ठरलेलं, बालकवींची 'औदुंबर'. आठच ओळी. झरा, गाव, शेतं, पांढरी पायवाट, काळा डोह असं करत आपण झाडापाशी पोचतो. इथवर कॅमेराही येईल. पण मग ते झाड पाण्यात पाय सोडून बसतं, आणि कॅमेरा काठावरच राहतो! या वाक्याला वर्गात दादही मिळायची.

एकदा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, मग अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सचं काय?" मी म्हटलं, "तो अपवाद आहे," आणि पुढे गेलो.

ते प्रकरण नीट वाचलं निवृत्तीनंतर. साल १९४१. न्यू मेक्सिकोतलं हर्नांडेझ हे खेडं, स्मशानातले पांढरे क्रॉस, मागे बर्फाचे डोंगर, वर चंद्र. प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजाचा माहीत असलेला आकडा धरून अ‍ॅडम्सने गणित केलं. एकच फोटो निघाला. दुसऱ्याच्या तयारीत असतानाच क्रॉसवरचं ऊन गेलं.

झालं, ठसा उमटला. पण पुढची कित्येक वर्षं हा गृहस्थ त्याच निगेटिव्हवरून प्रती काढत राहिला आणि आकाश काळं करत गेला. सुरुवातीच्या प्रतींत वर ढग दिसतात, नंतरच्या प्रतींत जवळजवळ निव्वळ काळोख. (मला स्वतःला तो काळोख जरा जास्तच वाटतो, पण ते असो.)

आता डोहाकडे परत या. त्याच्यावरची काळी छाया बालकवींना गोड वाटते. हा गोडवा पाण्यातून तर आलेला नाही ना? मग अ‍ॅडम्सचा काळोख तरी आकाशातून कुठे आला? माझी चूक हिशेबाची होती. कवितेच्या खात्यात मी कवीचं सगळं मन धरलं, छायाचित्राच्या खात्यात फक्त बटण दाबणं. तो विद्यार्थी अपवाद दाखवत नव्हता, माझी व्याख्याच तपासत होता.

म्हणजे दोन्ही एकच का? नाही. अ‍ॅडम्सला ऊन जायच्या आत गाडी थांबवावी लागली. बालकवींच्या औदुंबरावर ऊन आहे की नाही, हेसुद्धा कविता सांगत नाही.