'कमी पडतो' की 'सिद्ध झालं नाही'?

परवा पनवेल लोकलमध्ये एका ज्युनियरनं विचारलं, "ताई, एम्सच्या ट्रायलमध्ये सोपे आहार नापास झाले ना?" पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा इथेच घोळ होतो. म्हणून आज हाच पेपर.

जामा पेडियाट्रिक्स, २०२०. औषधांना दाद न देणारा अपस्मार असलेली १ ते १५ वर्षांची १७० मुलं आणि तीन गट: कीटोजेनिक, मॉडिफाइड ॲटकिन्स, लो ग्लायसेमिक इंडेक्स आहार. २४ आठवड्यांनी फिट्स अनुक्रमे ६६, ४५ आणि ५४ टक्क्यांनी घटल्या (हे मध्यक आहेत, सरासरी नाही). प्रश्न एवढाच होता, की सोपे आहार कीटोजेनिकपेक्षा फार कमी तर पडत नाहीत ना? 'फार' म्हणजे किती, ते आधीच ठरवलेलं: १५ टक्के-अंक.

आता गंमत बघा. ६६ वजा ५४ म्हणजे १२. पंधराच्या आतच की! तरी लो ग्लायसेमिक पास नाही. कारण निकष त्या १२ ला लावायचा नसतो, त्याच्या ९५ टक्के विश्वासमर्यादेच्या टोकाला लावायचा असतो, आणि ते टोक १५ च्या पलीकडे गेलं. म्हणजे हा आहार कमी पडतो असं सिद्ध झालं नाही, आणि कमी पडत नाही असंही नाही. मॉडिफाइड ॲटकिन्सचा फरक तर थेट २१ आहे.

आणि याच लो ग्लायसेमिक गटात दुष्परिणाम कीटोजेनिकपेक्षा कमी दिसले. पोळी-भात बंद, प्रत्येक घास काट्यावर तोलायचा, औषधाच्या सिरपमधली साखरसुद्धा मोजायची. हे ज्या आईला रोज करायचंय तिच्यासाठी 'नापास' हा शब्द फार महाग पडतो.

माझी तक्रार दुसरी आहे. कोणता आहार चालू आहे हे पालकांना माहीत असतं आणि फिट्स घरीच मोजल्या जातात, त्यामुळे आशेचा रंग आकड्यांवर चढू शकतो. शिवाय इथे आहाराविना गटच नाही. त्यासाठी एम्सचीच २०१३ ची ट्रायल शेजारी ठेवा: १०२ मुलं, फिट्स निम्म्याहून कमी झालेली मॉडिफाइड ॲटकिन्सवर ५२ टक्के, नेहमीच्या जेवणावर ११.५ टक्के. आपल्या मुंबईतून डॉ. जनक नाथन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये इंडियन पेडियाट्रिक्समध्ये मांडलेला अनुभवही वाचा, पण तो तुलनागटाशिवायचा आहे, हे समासात लिहून ठेवा.